चुंबक खिशातच राहू द्या

नांगरटीचा हंगाम आला की ‘हा अशनी आहे का?’ असे विचारणारी दगडांची पार्सले आमच्याकडे सुरू होतात. यंदा पार्सलांबरोबर तक्रारीही आल्या. त्यांतली एक विदर्भातल्या प्राध्यापक सदस्याची. शेतात सापडलेला काळा दगड आभाळातून पडला अशी हूल उठली. पोलीसपाटलांनी वर कळवले, पंचनामा झाला, दगड कापडात बांधून लाखेचे सील लावले आणि तो मुद्देमालाच्या खोलीत गेला. ‘अंदाजे किंमत’ हा रकाना मोकळा सोडता येत नाही म्हणून पंचांनी तिथे ‘अमूल्य’ लिहिले. मग महाविद्यालयाला पत्र आले : सदर वस्तू अशनी आहे किंवा कसे, याबाबत सात दिवसांत अभिप्राय द्यावा. प्राध्यापक दगड पाहायला गेले, तर उत्तर मिळाले की वरिष्ठांच्या आदेशाशिवाय सील फोडता येणार नाही, अभिप्राय बाहेरूनच द्यावा!

तो दगड खरोखर कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी अशनी असता, तर त्या दमट खोलीत एका पावसाळ्यात त्यातल्या लोह-निकेलच्या कणांना गंज चढला असता. 22 मे 2012 रोजी काटोलला भरदुपारी अशनी पडले, तेव्हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पावसाआधी तुकडे गोळा केले आणि ते कॉन्ड्राइटच्या एल-6 गटातले असल्याचे ठरले. सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय नागपुरातच आहे. पंचनाम्याच्या दिवशीच तिथे फोन गेला असता तर लाख वाचली असती.

पण खरी चीड वेगळ्याच कागदाची येते. पंचनाम्याला आपल्याच एका सदस्याचे शिफारसपत्र जोडलेले होते आणि त्यात आधार एकच : ‘चुंबक चिकटतो.’ अहो, दख्खनच्या बेसाल्टात मॅग्नेटाइट असतेच. दोऱ्याला टांगलेला निओडिमियमचा चुंबक आपल्या घराच्या जोत्याकडेही झुकतो. फाउंड्रीची मळीही ओढली जाते. शिवाय चुंबकाने खऱ्या अशनीचे नुकसानच होते. मंगळावरून आलेल्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या अशनीच्या तुकड्यांवरचा मूळ चुंबकीय ठसा हातचुंबकांनी पुसून टाकल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही आपल्या शिबिरांत पहिला धडा चुंबकाचाच!

वास्तविक आपल्या प्रदेशात दगड बाद करणे सोपे आहे. आत वायूच्या पोकळ्या, त्यातही झिओलाइट भरलेले, म्हणजे विषय संपला. बिनचकाकीच्या चिनी मातीवर दगड घासल्यावर तांबडा कस उमटला तर हेमॅटाइट, काळा उमटला तर मॅग्नेटाइट. ताज्या अशनीचा कस सहसा उमटतच नाही. हवेत आणि पाण्यात वजन करा. घट्ट बेसाल्टचे विशिष्ट गुरुत्व 3 च्या आसपास, साध्या कॉन्ड्राइटचे बहुधा 3.3 च्या वर. एवढ्यातून जो टिकेल त्याचाच कोपरा वाटाण्याएवढा घासा आणि भिंगातून चकाकते धातुकण शोधा. प्रत्येक काळा थर म्हणजे फ्युजन क्रस्ट, अर्थात वातावरणातून येताना वितळून बनलेले कवच, नव्हे. ते सहसा 1 मिलिमीटरहूनही पातळ असते, आणि फुटलेल्या कडेवर ते आतल्या फिकट भागापासून वेगळे उठून दिसते. धातूच धातू असेल तर निकेल तपासल्याशिवाय तोंड उघडू नका.

आकाशात उजेड दिसला म्हणून दुसऱ्या दिवशी सापडलेला दगड त्याचाच, हे गणितही सोडा. 2 एप्रिल 2022 च्या रात्री अर्ध्या महाराष्ट्राने ‘उल्का’ पाहिली. सिंदेवाही तालुक्यात सापडली ती धातूची मोठी कडी, रॉकेटचा अवशेष.

तेव्हा सदस्यांना कळकळीची विनंती. नुसत्या चुंबकाच्या भरवशावर कुणालाही लेखी काही देऊ नका. दगड उचलण्याआधी जागेवरच फोटो काढा, अक्षांश-रेखांश टिपा, दगड धुऊ नका, कोरड्या डब्यात ठेवा. तहसीलदारांना द्यायच्या पत्राचा मसुदा पुढच्या अंकात छापतो आहोत : सील नको, मुद्देमाल नको, थेट सर्वेक्षणाला कळवा. ते पत्र आपापल्या तालुक्यात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. आमच्याकडे दगडाऐवजी दोन वजने, कसाचा फोटो आणि घासलेल्या कोपऱ्याचा फोटो पाठवा. चुंबकाला लटकलेल्या दगडांचे फोटो यापुढे पाहिले जाणार नाहीत.