आठ दिवसांची पाहुणी

मैत्रिणींनो, जपानी भाषेत 'हाना' म्हणजे फूल. पण जुन्या जपानी कवितेत नुसतं 'हाना' म्हटलं की ते चेरीचंच फूल समजायचं; बाकीच्या फुलांनी आपापलं नाव सांगावं! एवढा मान ज्या फुलाला, ते दिसायला कसं? पाच पाकळ्यांचं, फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरंच. वास अगदी बेताचा. आपण केकवर लावतो ती चेरी या शोभेच्या झाडांना लागत नाही. बहर पुरा भरात आला की जेमतेम आठवडाभर टिकायचा, आणि मध्येच पावसाची सर आली किंवा वारा सुटला तर तेवढाही नाही. मग या आठ दिवसांच्या पाहुणीत, या 'साकुरा'त, असं आहे तरी काय, की एका अख्ख्या देशानं बाराशे वर्षं दर वसंतात तिची वाट पाहावी?

उमे मागे पडलं

गंमत म्हणजे, सुरुवातीला हा मान साकुराचा नव्हताच. आठव्या शतकात जपानच्या दरबारात कौतुक होतं ते 'उमे'चं. हे प्लमच्या कुळातलं झाड. थंडी सरायच्या आतच फुलतं आणि वासही गोड. शिवाय ते चीनमधून आलेलं, आणि चीनचं ते सगळंच भारी अशी त्या वेळच्या बड्या लोकांची समजूत! 'मान्योशू' हा जपानी कवितांचा सर्वांत जुना मोठा संग्रह. त्यात साकुरापेक्षा उमेवरच्या कविता दुपटीहून जास्त आहेत.

पुढे वारं फिरलं. ८१२ साली सम्राट सागा यांनी क्योतोच्या शिन्सेन-एन बागेत फुलं पाहण्याचा समारंभ केला. साकुरा पाहण्याच्या राजसमारंभाची ही सर्वांत जुनी नोंद. या फुलं पाहण्यालाच 'हानामी' म्हणतात. नंतर ९०५ च्या सुमारास 'कोकिन्शू' हा संग्रह तयार झाला, तोवर साकुरानं उमेला केव्हाच मागे टाकलं होतं.

हे फूल साहित्यात रुजवण्यात बायकांचा वाटा मोठा आहे, बरं का! नवव्या शतकातली ओनो नो कोमाची ही कवयित्री रूपासाठीही प्रसिद्ध होती. तिची सर्वांत गाजलेली कविता पावसात रंग उडालेल्या फुलाविषयी आहे, आणि बोलते आहे ती स्वतःच्या सरत्या तारुण्याविषयी. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबू या दरबारातल्या बाईनं 'गेंजी मोनोगातारी' ही भली मोठी कादंबरी लिहिली. तिचं आठवं प्रकरण राजवाड्यातल्या साकुरा-समारंभाचं. दिवसभर नाच, गाणी, कविता. आणि रात्री नायकाचं मन नको तिथे गुंततं. पुढे त्याला राजधानी सोडावी लागते, त्याचं बीज त्या एका रात्रीत पडलेलं असतं.

साइग्यो नावाच्या भिक्षू-कवीची तर गोष्टच वेगळी. आपल्याला मरण यावं ते फुललेल्या साकुराखाली, दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला, अशी इच्छा त्यानं कवितेत लिहून ठेवली होती. ११९० साली तो गेला, तो त्याच महिन्याच्या सोळाव्या दिवशी! जपानी माणसं अजूनही ही हकीकत सांगतात.

तेराशे बायकांची मेजवानी

आता थोडं इतिहासात डोकावू या. तोयोतोमी हिदेयोशी हा गरीब घरात जन्मलेला आणि पुढे सगळ्या जपानचा सत्ताधीश झालेला माणूस. १५९८ च्या वसंतात त्यानं क्योतोच्या दाइगोजी मंदिरात हानामी करायचं ठरवलं. तिथे होती ती झाडं त्याला पुरेनात, म्हणून आसपासच्या प्रांतांतून सुमारे ७०० झाडं आणून लावली. पाहुणे जवळजवळ १३००, आणि त्यात बहुतेक साऱ्या बायका! त्याच्या राण्या, दासी, सरदारांच्या घरच्या स्त्रिया. प्रत्येकीला तीन-तीन किमोनो, म्हणजे दिवसात दोनदा पोशाख बदलायचा. कापड विणणाऱ्यांची आणि शिवणाऱ्यांची काय धांदल उडाली असेल, ते तुम्हीच मनात आणा.

एवढा थाट, आणि मानापमान मात्र चुकले नाहीत. पट्टराणी नेने हिला साकेचा पहिला पेला मिळाला, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण दुसरा कुणाचा, यावरून योदो आणि मात्सुनोमारू या दोघींत जुंपली. शेवटी माएदा तोशिइए या सरदाराची बायको मात्सु मध्ये पडली. वयाचा मान धरायचा तर दुसरा पेला माझाच, असं म्हणून तिनं तो वाद हसण्यावारी मिटवला, असं सांगतात. घरच्या कार्यात अशी एक तरी शहाणी बाई लागतेच! हिदेयोशी त्याच वर्षी वारला. ती मेजवानी मात्र लोकांच्या लक्षात राहिली, आणि दाइगोजीत दर एप्रिलमध्ये तिची आठवण म्हणून मिरवणूक निघते.

फुलं की लाडू?

दरबारातला हा सोहळा सामान्य माणसाच्या वाट्याला आला तो अठराव्या शतकात. शोगुन तोकुगावा योशिमुने यांनी एदो शहरात, म्हणजे आताच्या तोक्योत, आसुकायामाच्या टेकडीवर आणि सुमिदा नदीच्या काठी साकुराची झाडं लावून घेतली आणि लोकांना तिथे मोकळीक दिली. मग काय, डबे बांधून, चटया घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं निघाली. 'फुलांपेक्षा लाडू बरे' अशा अर्थाची एक जपानी म्हणच आहे. नावापुरतं फुलांकडे बघायचं आणि खरं लक्ष डब्यावर ठेवायचं, अशा मंडळींना ती ऐकवतात.

आता डब्याचा विषय निघालाच आहे, तर 'साकुरामोची'बद्दल सांगते. आत लाल चवळीसारख्या 'आझुकी'चं गोड पुरण, बाहेर गुलाबी पापुद्रा, आणि त्याभोवती गुंडाळलेलं साकुराचं खारवलेलं पान. आपल्या पातोळ्यांना हळदीच्या पानाचा वास लागतो ना, तसा याला या पानाचा वास लागतो. ताज्या पानाला हा सुगंध नसतो, तो खारवल्यावरच येतो. सुमिदाकाठच्या चोमेइजी देवळाच्या द्वारपालाला गळणारी पानं रोज झाडावी लागत. त्यांचं करायचं काय, या विचारातून त्यानं १७१७ साली हा पदार्थ काढला, अशी हकीकत आहे. कचऱ्यातून पक्वान्न!

फुलंही खारवतात. त्यासाठी भरगच्च पाकळ्यांची, गडद गुलाबी 'याएझाकुरा' लागते. अर्धवट उमललेली फुलं देठासकट खुडायची, अलगद धुऊन निथळायची, मीठ घालून वर वजन ठेवायचं. पाणी सुटलं की ते पिळून काढायचं आणि उमेच्या आंबट खारात फुलं काही दिवस मुरू द्यायची. मग सावलीत वाळवून पुन्हा मिठात घालून बरणीत भरायची. ऐन वेळी फुलावरचं जास्तीचं मीठ धुऊन ते कपात ठेवायचं आणि वरून गरम पाणी ओतायचं. मिटलेलं फूल कपात हळूहळू उमलतं. याला 'साकुरायु' म्हणतात आणि लग्नकार्यात, साखरपुड्याला पाहुण्यांना ते देतात. तिथे चहा चालत नाही, कारण जपानीत 'चहा गढूळ करणं' म्हणजे थातूरमातूर बोलून वेळ मारून नेणं. नव्या सोयरिकीची सुरुवात तशी कशी करायची?

एकाच झाडाची लेकरं

आज जपानच्या शहरांत, शाळांच्या आवारांत दिसतो तो बहुतेक 'सोमेइ योशिनो' जातीचा साकुरा. एदोजवळच्या सोमेइ गावच्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा प्रसार केला. तो बीपासून वाढवत नाहीत, कलमानंच लावतात. त्यामुळे ही लाखो झाडं म्हणजे एकाच झाडाची रूपं. म्हणून तर एका गावातली सगळी झाडं एकदमच फुलतात आणि एकदमच झडतात! तोक्योच्या यासुकुनी देवळातल्या एका ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली, की हवामान खात्याचे लोक शहराचा बहर सुरू झाल्याचं जाहीर करतात.

तिकडे शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आमच्याकडे एप्रिल म्हणजे तपासायच्या पेपरांचे गठ्ठे. तिथे मात्र नवं दप्तर पाठीवर घेतलेल्या मुलाचा फोटो साकुराखालीच काढायचा असतो. पूर्वी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल तारेनं कळवत, तेव्हा 'साकुरा फुलला' म्हणजे पास आणि 'साकुरा झडला' म्हणजे नापास!

फुलाच्या नावानं

पण या फुलाची सगळीच गोष्ट गोड नाही. साकुरा कोमेजून देठाला लोंबत राहत नाही, पाकळ्या ताज्या असतानाच गळतात. हेच त्याचं सौंदर्य, असं कवी शतकानुशतकं म्हणत आले. विसाव्या शतकात लष्करानं ते उचललं आणि तरुण मुलांना सांगितलं, तुम्हीही देशासाठी असेच गळून पडा. ऑक्टोबर १९४४ मध्ये विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळायला निघालेल्या पहिल्या तुकड्यांना मोतोओरी नोरिनागा या अठराव्या शतकातल्या पंडिताच्या साकुरावरच्या कवितेतलेच शब्द नावं म्हणून दिले. १९४५ मध्ये अशाच कामासाठी वापरलेल्या बाँबविमानाचं नाव 'ओका', म्हणजे साकुराचंच फूल.

त्या वर्षीच्या एप्रिलमधला एक फोटो प्रसिद्ध आहे. दक्षिणेतल्या चिरानच्या विमानतळावर शाळकरी मुली ओळीनं उभ्या आहेत आणि हातातल्या फुललेल्या फांद्या हलवून निघालेल्या वैमानिकाला निरोप देताहेत. या मुली त्या वैमानिकांचे कपडे धूत, फाटलं-उसवलं शिवून देत. म्हणजे ज्याचं बटण काल लावलं, त्याला आज फुलं दाखवून मरणाकडे पाठवायचं. त्या मुलींच्या आयांना हे सौंदर्य कसं दिसलं असेल? मला तरी या फोटोकडे फार वेळ बघवत नाही.

चार बहिणींचा साकुरा

त्याच युद्धाच्या काळात जुनइचिरो तानिझाकी नावाचा लेखक 'सासामेयुकी' ही कादंबरी लिहीत होता. ओसाकाच्या एका खालावत चाललेल्या खानदानी घरातल्या चार बहिणी. थोरल्या दोघी लग्न झालेल्या, तिसरी युकिको हिचं जमता जमत नाही. स्थळं येतात, पाहण्याचे कार्यक्रम होतात, कधी इकडून तर कधी तिकडून नकार येतो. हे सारं आपल्याला मुद्दाम समजावून सांगायला नकोच!

दर एप्रिलमध्ये दुसरी बहीण साचिको नवऱ्याला, मुलीला आणि धाकट्या दोन बहिणींना घेऊन क्योतोला जाते. हेइआन देवळातल्या, झुकत्या फांद्यांच्या साकुराखाली ती दर वर्षी उभी राहते आणि दर वर्षी तिच्या मनात तोच विचार येतो. पुढल्या वर्षी युकिको आपल्याबरोबर असेल का? नसली तर आपल्याला फार चुकल्यासारखं होईल. पण तिच्यासाठी म्हणून, हे तिचं आपल्याबरोबरचं शेवटचंच वर्ष ठरो. बहीण सासरी जावी असंही वाटतं आणि जाऊ नये असंही. लेकीचं किंवा बहिणीचं लग्न ज्यांनी जमवलं आहे, त्यांना ही कालवाकालव ठाऊक आहे.

१९४३ साली ही कादंबरी मासिकातून यायला लागली आणि दोन हप्त्यांनंतर लष्कराच्या दडपणामुळे बंद पडली. युद्धाच्या दिवसांत हे बायकांचं कपडेलत्ते-फुलांचं मऊ मऊ जग कशाला, असा आक्षेप होता. ज्या फुलाच्या नावानं मुलं मरायला धाडली जात होती, तेच फूल बहिणीची काळजी करणाऱ्या एका बाईच्या नजरेतून दाखवलेलं त्यांना चाललं नाही! तानिझाकी मात्र लिहीत राहिले आणि १९४८ पर्यंत कादंबरी पुरी झाली. ते मासिकवाले अधिकारी आणि त्यांचे हुकूम आज कुणाला आठवतात? साचिको आणि तिच्या बहिणी मात्र लोक अजून वाचतात.

अलीकडे या पाहुणीचं येणं लवकर होऊ लागलं आहे. क्योतोतल्या बहराच्या नोंदी जुन्या रोजनिशांतून गोळा केलेल्या आहेत, त्या थेट नवव्या शतकापर्यंत मागे जातात. २०२१ साली तिथे २६ मार्चलाच पुरा बहर आला. तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत एवढ्या लवकर तो कधीच आला नव्हता. वाढत्या उष्म्याचा हा परिणाम आहे, असं अभ्यासक सांगतात. पुष्कळ ठिकाणी एप्रिलमध्ये मुलं शाळेत पाऊल टाकतात, तेव्हा फोटोसाठी फुलं शिल्लकच नसतात.

'सासामेयुकी'चं इंग्रजी भाषांतर 'द मकिओका सिस्टर्स' या नावानं १९५७ साली निघालं आहे. पुस्तक जाडजूड आहे, पण घाबरू नका. दुपारची झाकपाक झाल्यावर रोज पाच-दहा पानं वाचलीत तरी होईल. गावातल्या वाचनालयात मागून बघा. नसलं तर मागवायला लावा. चौघींपैकी तुमची कोण, ते मला जरूर कळवा. माझी साचिको.