कोळशाला पावसाची भीती किती?



'कोळसा भिजू देऊ नका' हा उपदेश तुमच्या आजी-आजोबांनी लहानपणी ऐकला असेल. पावसाळ्याआधी शेगडीच्या कोळशाची पोती पडवीत आणून ठेवण्याची घाई घरोघरी असे. तो उपदेश योग्यच होता. पण तो होता लोणारी कोळशाविषयी, म्हणजे लाकडापासून केलेल्या कोळशाविषयी. हा कोळसा सच्छिद्र असतो आणि पाणी शोषून घेतो. मग तो नुसता धुमसतो. हाच नियम डोळे मिटून दगडी कोळशाला लावावा का? मला वाटते, लावू नये. आधी गणित करावे आणि मग काळजी करावी.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ईशान्य भागाचे उदाहरण घेऊ. तेथे अँथ्रासाइट हा अतिशय कठीण आणि चकचकीत दगडी कोळसा सापडतो. विल्क्स-बॅरे या गावी जेसी फेल यांनी 1808 साली तो घरातील उघड्या जाळीवर पेटवून दाखविला. तेव्हापासून तो घरे उबदार ठेवण्यासाठी वापरात आला. आज त्याचा वापर पुष्कळ कमी झाला असला, तरी त्या भागात काही घरांत अजूनही हिवाळ्याची बेगमी म्हणून काही टन कोळसा एकदम मागवतात. त्याच्या आकारांची नावे मोठी गमतीची आहेत. एक 'तांदूळ', एक 'वाटाणा', तर एक 'चेस्टनट'! मालमोटार अंगणात ढीग ओतून निघून जाते. एका टनाला एक घनमीटरहून थोडी अधिक जागा लागते. एवढा कोळसा घरात कोठे ठेवणार? मग तो बाहेरच राहतो आणि त्यावर पाऊस व बर्फ पडते. घरमालक चिंतेत पडतो, की आता हा जळेल का?

चला, हिशेब करू. अँथ्रासाइटच्या आत पाणी फारसे शिरत नाही. ते मुख्यतः पृष्ठभागावर चिकटून राहते. समजा, एक टन कोळशाबरोबर 50 किलोग्रॅम पाणी आहे. हे पाणी 10 अंश सेल्सिअसपासून 100 अंशांपर्यंत तापविण्यास दर किलोग्रॅमला 90 किलोकॅलरी लागतील आणि त्याची वाफ करण्यास आणखी 540. म्हणजे एकूण 630. पन्नास किलोग्रॅमसाठी 31,500 किलोकॅलरी झाल्या. चांगल्या अँथ्रासाइटच्या एका किलोग्रॅमपासून सुमारे 7,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे हे सारे पाणी उडविण्यास साडेचार किलोग्रॅम कोळसा पुरेल. धुराड्यातून जाणारी वाफ थोडी जास्त उष्णता नेईल, म्हणून पाच धरा. हजार किलोंत पाच किलो! एवढ्यासाठी कोणी झोप का घालवावी?

आता हेच 50 किलोग्रॅम पाणी कोळसा वजन करण्यापूर्वीच त्यात असेल तर काय होईल? खाणीवर कोळसा धुतात, त्यामुळे तो पुष्कळदा ओलाच येतो. मग गिऱ्हाईक 50 किलोग्रॅम पाण्याला कोळशाचा भाव देते! घरी आल्यावर पडलेल्या पावसाने पाच किलोंचे नुकसान आणि वखारीतल्या ओलाव्याने पन्नास किलोंचे. माणसे ताडपत्रीची चिंता करतात आणि तराजूकडे पाहत नाहीत. माझी तक्रार आहे ती हीच.

याचा अर्थ ढीग कसाही टाकावा असा नाही. ओला 'तांदूळ' कोळसा कडाक्याच्या थंडीत गोठून त्याचे एकसंध ढेकूळ बनते. मग ते फावड्याला दाद देत नाही. मातीवर ओतलेल्या कोळशात चिखल मिसळतो. कोळशातील गंधकयुक्त खनिजांवर हवा व पाणी यांची क्रिया होऊन आम्ल तयार होते, आणि पत्र्याची पेटी गंजते. म्हणून तळाला उताराची फरशी असावी आणि वर बर्फ व पाऊस ओघळून जाईल असे साधे आच्छादन असावे. एवढे पुरे.

मात्र 'कोळसा' म्हटले की सगळे कोळसे सारखे नव्हेत. लिग्नाइट आणि काही प्रकारचे बिट्युमिनी कोळसे हवेतील ऑक्सिजन हळूहळू शोषून घेतात आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. लहान ढिगातून ती निघून जाते. मोठ्या ढिगाच्या पोटात ती साठत जाते, तापमान वाढले की क्रिया अधिक वेगाने होते, आणि एके दिवशी काडी न लावता ढीग धुमसू लागतो. चुरा जितका बारीक, तितका पृष्ठभाग मोठा आणि धोकाही मोठा. वाळलेला असा कोळसा पुन्हा भिजला, तर पाणी शोषतानाही थोडी उष्णता निर्माण होते. म्हणजे येथे पावसाची भीती खरी, पण तिचे कारण अगदी निराळे! औष्णिक वीज केंद्रांत कोळशाचे प्रचंड ढीग उघड्यावर असतात. ते बुलडोझरने दाबून घट्ट करतात, ते आतली हवा कमी व्हावी म्हणूनच. घरी असा कोळसा असेल, तर ढीग लहान व बुटका ठेवावा आणि तो लाकडी भिंतीपासून व उष्णतेपासून दूर असावा.

अँथ्रासाइट मात्र सहसा आपोआप पेटत नाही. पण एकदा पेटला की विझविणे कठीण. पेनसिल्व्हेनियातील सेंट्रेलिया गावाखाली 1962 साली लागलेली आग अजून विझलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, 'कोळसा झाकावा की नाही?' असे कोणी विचारले, तर लगेच उत्तर देऊ नका. 'कोणता कोळसा? किती? आणि वजन केव्हा केले?' असे उलट विचारा. शिवाय एक प्रयोग करून पाहा. लोणारी कोळशाचा एक तुकडा आणि दगडी कोळशाचा एक तुकडा वेगवेगळे तोला. दोन्ही रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी फडक्याने टिपून पुन्हा तोला. वजनातील फरक वहीत लिहा. आजीचा उपदेश कोठे लागू पडतो आणि कोठे नाही, हे त्या दोन आकड्यांवरून तुम्हीच तिला सांगू शकाल.