दंड भरेल तो सुटेल, न भरेल तो तुरुंगात

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या समस्त रापणकार, गिलनेटधारक, होडीवाल्या, मासळी विकणाऱ्या आणि किनाऱ्यावर घर असलेल्या बंधू-भगिनींनो,

केंद्रीय वाणिज्य आणि उद्योगमंत्री पीयूष गोयल यांनी 22 डिसेंबर 2022 रोजी लोकसभेत जनविश्वास विधेयक मांडलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, तिथून परत आलं आणि 27 जुलै 2023 रोजी, मणिपूरमधल्या हिंसाचारावरून सभागृहात गदारोळ चालू असताना, लोकसभेत मंजूर झालं. 2 ऑगस्टला राज्यसभेनेही मान्यता दिली. एकाच कायद्याने देशाचे 42 कायदे बदलले आणि त्यांतल्या 183 तरतुदींमधली शिक्षा कमी केली, काढून टाकली किंवा तिच्या जागी दंड आणला. व्यापार करणं सोपं व्हावं, छोट्या चुकीसाठी माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसू नये, हा त्यामागचा हेतू सांगितला गेला. आमच्या किनाऱ्यावर मात्र या बदलाची साधी माहिती द्यायलाही कुणी आलं नाही. म्हणून हे पत्रक.

या कायद्यातलं सगळंच वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. राखीव जंगलात गुरं शिरली तर 1927 च्या वन कायद्याखाली सहा महिने कैद होऊ शकत होती. ती गेली, 500 रुपये दंड राहिला. सावंतवाडी-दोडामार्गच्या शेतकऱ्याला त्यात दिलासाच आहे. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या 1972 च्या कायद्यातली कैदही काढली. कागद वेळेवर दिला नाही म्हणून कुणा निर्यातदाराला आत टाकावं, अशी आमची कधीच मागणी नव्हती. गोयलसाहेबांच्या या कामाला आमचा पाठिंबा आहे.

भांडण आहे ते एका कायद्यावरून. पर्यावरण संरक्षण कायदा, 1986. आपल्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत जी सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) लागते, ती याच कायद्याखाली लागते. 1991 ची अधिसूचना, 2011 ची, 2019 ची, सगळ्या याच्याच पोटातल्या. हा कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. जनविश्वास कायद्याने ती कैद काढली. आता 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत दंड. तो ठरवणार न्यायाधीश नव्हे, अधिकारी. केंद्रातला सहसचिव किंवा राज्यातला सचिव या दर्जाचा. दाद मागायची असेल तर राष्ट्रीय हरित लवाद. देवबागच्या माणसाने ही वाट कशी चालायची?

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ठोठावलेला दंड 90 दिवसांत भरला नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंडाच्या दुप्पट रक्कम, किंवा दोन्ही. नीट वाचा. समुद्रात सांडपाणी सोडणारा, वाळूची टेकडी सपाट करून इमारत चढवणारा, यांना या कायद्याखाली त्या कृत्याबद्दल कैद नाही. कैद आहे ती पैसे न भरणाऱ्याला. ज्याच्याकडे 15 लाख आहेत तो चेक फाडेल आणि सुटेल. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी तुरुंगाचं दार तसंच उघडं आहे.

हे कुणावर कोसळणार आहे ते बघा. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या घरांना सीआरझेड पुढून लागते आणि मागूनही लागते. समुद्र दर पावसाळ्यात जमीन खातो, घर मागे सरकवायचं तर मागे नदी. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मासळी कमी होत गेली तशी आपल्या लोकांनी दोन खोल्या वाढवून पर्यटक ठेवायला सुरुवात केली. जेवण घरचं, खोली घरची, समोर होडी. या दोन खोल्या आणि शंभर खोल्यांचा प्रकल्प कायद्याच्या नजरेत एकाच तराजूत जातात. दंड ठरवताना अधिकारी तारतम्य ठेवील असं आम्हाला सांगितलं जाईल. ठेवीलही एखादा. पण 10 हजारांचा सर्वात लहान दंडसुद्धा पावसाळ्यात, होड्या वर काढलेल्या असताना, आमच्या घराला दोन महिने पुरतो. प्रकल्पवाल्याच्या हिशेबात 15 लाख ही सिमेंटच्या बिलाखालची एक ओळ आहे.

नुसत्या दंडाने गुन्हा थांबत नाही, हे आम्हाला पुस्तकात वाचावं लागत नाही. गेली कित्येक वर्षं ते आम्ही समुद्रात बघतोय. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 22 किलोमीटर, तो चालतो. डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर बंधनं आली. परवाने टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणायचे, मासेमारी फक्त 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. 2021 मध्ये राज्याने दंड वाढवला. बेकायदा ट्रॉलिंग आणि पर्ससीनला पहिल्या वेळी एक लाख, मग तीन, मग सहा. एलईडीला पाच लाखांपासून 20 लाखांपर्यंत.

पुढे काय झालं ते दांडीच्या किंवा तळाशीलच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहून कुणीही बघावं. काळोखात समुद्रावर पांढऱ्या दिव्यांची रांग लागलेली असते, गाव वसल्यासारखी. जनरेटर लावलेली नौका दिवे पाण्यावर सोडते, मासळी उजेडाला गोळा होते आणि दुसरी नौका तिच्याभोवती जाळं टाकते. बांगडा असो, तारली असो, अंड्यावर आलेली असो की बोटाएवढी, सगळी एका ओढीत वर. गस्तीनौका कधी पोचते, कधी नाही. पोचली तर खटला अधिकाऱ्यापुढे चालतो, दंड भरला जातो आणि नौका पुन्हा समुद्रात जाते. एका चांगल्या रात्रीच्या मासळीत दंड वसूल होत असेल, तर मालक मासेमारी का थांबवील? त्याने तो डिझेल आणि बर्फाच्या शेजारी खर्चात धरलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपली रापण लागते. होडी जाळं घेऊन अर्धगोल मारून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्ही बाजूंना माणसं वाळूत टाचा रोवून ओढत राहतात. बायका, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं, सगळे दोराला. जाळं जवळ आलं की ओझ्यावरूनच कळतं. हल्ली ओझं नसतं. वर येतात त्या मूठभर पेडव्या आणि ढीगभर प्लास्टिक. त्यांचे वाटे किती करायचे? आणि याच अन्यायाविरुद्ध आपली माणसं समुद्रात किंवा रस्त्यावर उतरली तेव्हा त्यांच्यावर फौजदारी गुन्हे दाखल झाले. त्यांच्यासाठी कुठलीच शिक्षा सौम्य झाली नाही. कोर्टाच्या तारखा त्यांनी भोगल्या.

गोयलसाहेबांना मच्छीमारांचं दुःख ठाऊक नाही असं नाही. जून 2022 मध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्रिपरिषदेत मासेमारी अनुदानाचा करार ठरला, तेव्हा ते आपल्याच बाजूने बोलले. श्रीमंत देशांच्या प्रचंड जहाजांनी समुद्र रिकामे केले, त्याची शिक्षा भारतातल्या छोट्या पारंपरिक मच्छीमारांना नको, आम्हाला 25 वर्षांची मुदत द्या, ही भारताची भूमिका. आम्ही त्याबद्दल मनापासून आभार मानतो. मग तेच तत्त्व दिल्लीच्या संसदेत का लागू होत नाही? मोठा आणि छोटा यांना एकाच मापाने मोजू नका, असं जिनिव्हात म्हणायचं, आणि घरी येऊन दोघांच्या हातात एकच दंडपावती द्यायची?

कायदा सुधारणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. आपल्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाने मधू दंडवते यांना पाच वेळा लोकसभेत पाठवलं. ते अर्थमंत्री असताना 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. 1963 पासून सोन्यावरचं नियंत्रण देशभरातल्या सोनारांच्या मानेवर होतं. 14 कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही, अशी सुरुवात होती. कित्येकांची भट्टी विझली, काहींनी जीव दिला. तस्करी मात्र थांबली नाही. दंडवत्यांनी तो कायदा घालवला तेव्हा भीती गेली ती आपल्या पेढीवर बसून हातोडी चालवणाऱ्या कारागिराची. आम्ही प्रत्येक सुधारणेला हाच प्रश्न विचारतो: भीती कुणाची गेली? पर्यावरण कायद्याच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. ती मोठ्या बांधकामवाल्याची गेली.

तुरुंगाची तरतूद होती तेव्हा तरी कोण आत गेला, असं आम्हाला विचारलं जातं. फारसं कुणी गेलं नाही, हे खरं आहे. पण कंपनीचा संचालक स्वतः आरोपी होऊ शकतो ही भीती होती. ग्रामपंचायतीच्या एका तक्रारीने मोठ्या माणसाचा वकील सावध व्हायचा. अंमलबजावणी झाली नाही, हा सरकारचा दोष. त्यासाठी अंमलबजावणी सुधारायची असते, शिक्षा काढून टाकायची नसते.

18 ऑगस्ट 2025 रोजी गोयल यांनी लोकसभेत दुसरं जनविश्वास विधेयक मांडलं. त्यात 16 कायदे, 355 तरतुदी. ते प्रवर समितीकडे गेलं. म्हणजे शिक्षा सौम्य करण्याचं हे काम 2023 मध्ये संपलेलं नाही, आणि आपण गप्प बसलो तर ते आपल्याला न विचारताच पुढे जाईल.

आमचं मागणं असं आहे. पर्यावरण कायद्यात जाणूनबुजून आणि पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्याला कैदेची तरतूद परत आणा. दंड उत्पन्नाच्या आणि बांधकामाच्या आकाराच्या प्रमाणात ठरवा. राहत्या घराची दुरुस्ती करणारा मच्छीमार दंड भरू शकला नाही म्हणून त्याला तुरुंग नको, हप्ते द्या. सुनावणी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या. आणि समुद्रात दुसऱ्यांदा सापडलेल्या एलईडी नौकेची नोंदणीच रद्द करा. लाखांचे आकडे वाढवून आता भागणार नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. तळाशीलपासून निवतीपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीने ठराव करावा, त्याची एक प्रत वाणिज्य मंत्रालयाला, एक पर्यावरण मंत्रालयाला, एक आपल्या खासदारांना पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. ठरावाचं लेखी उत्तर येईपर्यंत दर ग्रामसभेत तो पुन्हा वाचावा.