‘असणें’ आणि ‘बाळगणें’

इंग्रजींतील ‘हॅव’ या क्रियापदास मराठींत प्रतिशब्द कोणता, असा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात; आणि सर्वत्र चालेल असा एकच शब्द नाहीं हें कळतांच मराठी अपुरी आहे असें ठरवून मोकळे होतात. हा निर्णय उतावळेपणाचा आहे, असें आम्हांस वाटतें. आमच्या बाजूनें साक्ष देण्यास आम्ही लॅटिन व तिच्या कन्यांना पाचारण करितों.

प्राचीन रोमन लोक ‘मिही एस्त लिबेर’ असें म्हणत. म्हणजे शब्दशः ‘मला पुस्तक आहे’. ही रचना आपल्या ‘मला भाऊ आहे’ हिची जणूं बहीणच! तिच्या जोडीस ‘हाबेरे’, म्हणजे धरणें किंवा बाळगणें, हें क्रियापद होतें. पुढें त्याचेंच प्राबल्य वाढलें व त्यापासून फ्रेंच ‘आव्वार’ आणि इटालियन ‘आवेरे’ हीं निघालीं. स्पेनमध्यें मात्र तें झिजून केवळ साहाय्यक क्रियापद उरलें. तेव्हां मालकी दाखविण्यास ‘तेनेरे’, म्हणजे हातांत धरून ठेवणें, हें दुसरें क्रियापद पुढें आलें. स्पॅनिश ‘तेनेर’ व गोमंतकांत १९६१ पर्यंत राज्यकारभारांत असलेल्या पोर्तुगीजांतील ‘तेर’ हीं त्याचींच रूपें होत.

मुठींत धरण्याचा हा शब्द किती लांब गेला पाहा! फ्रेंच व स्पॅनिश मुलें भूक ‘बाळगतात’ आणि वयाचीं पंधरा वर्षेंही ‘बाळगतात’! इतकेंच नव्हे, तर ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गावयाचें आहे’, हे दोन शब्द एकजीव होऊन फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांचा भविष्यकाळ घडला. जें काम त्यांनीं ‘बाळगणें’ यावर सोंपविलें, तें मराठीनें ‘असणें’ याकडून करून घेतलें. यांत दारिद्र्य तें कोठें?

उलट मराठी येथें अधिक विवेक करिते. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ दोन रुपये आहेत’, ‘त्याच्या अंगीं धैर्य आहे’. नातें, धन व गुण यांस ती एका मापानें मोजीत नाहीं. परंतु हल्लीं ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असें मुलें सर्रास बोलतात. ते भाऊ पाहुणे म्हणून उतरले आहेत काय?

भाषा बदलतात हें आम्ही जाणतों. ‘हाबेरे’ची जागा ‘तेनेरे’नें घेतली, तोही बदलच होता. पण तेथें एक शब्द झिजला म्हणून दुसरा आला. आपल्याकडे मात्र धडधाकट भेद केवळ निष्काळजी भाषांतरापायीं पुसला जात आहे. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाचें असें वाक्य ऐकून हंसूं नये व गप्पही बसूं नये. योग्य वाक्य प्रेमानें उच्चारून दाखवावें. भाऊ हा खिशांतील रुपया नव्हे, हें मुलास व्याकरणाच्या आधीं घरांतल्या बोलण्यांतूनच कळतें.