नांदेडात पाहण्यासारखं काय आहे?

मंडळी, परवा पुण्याहून पुतण्या सहकुटुंब आला. सकाळी हुजूर साहिबचं दर्शन, लंगरात जेवण, आणि दुपारी लगेच, "काका, पाहण्यासारखं अजून काही आहे का? नाहीतर संध्याकाळची गाडी धरतो."

मी म्हटलं, कंधारला चला.

"तिथे काय आहे?"

(पुतण्या हा ब्लॉग वाचतो. वाचू दे!)

त्याच्यावर राग नाही. सचखंड एक्सप्रेसने पंजाबातून येणारा यात्रेकरूही मनात एकच चित्र घेऊन येतो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथे देह ठेवला, त्याला आणखी काय हवं? माझं भांडण आराखडे करणाऱ्यांशी आहे. पाहुण्याला जेवढं ठाऊक तेवढंच गाव, असं ते धरून चालतात. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला पैसा आला, रस्ते रुंद झाले, विमानतळ सुधारला. छानच झालं, त्याच रस्त्यांनी मी रोज फिरायला जातो. पण राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा कंधारचा किल्ला, त्याचा तो पाण्याचा खंदक जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे; देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत. शाळेच्या सहली मी एसटीने तिकडे नेल्या. पोरं खंदकापाशी तासभर हलत नसत. यात्रेकरूला तिकडचा रस्ता कोण दाखवणार?

शेजारच्या लातूरची तऱ्हा याहून वाईट. बाहेरच्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी: १९९३ चा किल्लारीचा भूकंप आणि २०१६ ची मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. खरोशाची लेणी कुणाला आठवतात? १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते उदगीर याच जिल्ह्यात, हे तरी? 'बिचारं लातूर' म्हटलं की मदत येते, पाहुणा येत नाही.

त्या रेल्वेवरून तरी शहाणपण यायला हवं होतं. पाहुणे किती आणायचे हे ठरवण्याआधी पाणी किती आहे ते मोजा. इथे गोदावरीचे घाट बांधले, दिवे लावले, कारण पाहुण्याला तेवढंच दिसतं. नाले मात्र नदीतच उतरतात. सगळी गर्दी एकाच गावावर, एकाच नदीवर ओतायची आणि तीन तासांत परत पाठवायची, याला पर्यटन म्हणायचं का? एका मुक्कामाची सोय करा, थोडे लोक कंधार-होट्टलला जाऊ द्या. आणि तिथल्या गावकऱ्यांनाही आधी विचारा, किती माणसं झेपतील.

असो. पुतण्याला संध्याकाळच्या गाडीत बसवून आलो. कंधार याही खेपेला राहिलंच.