करंट की पेट्रोल?

जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की भोवती जमलेल्या मंडळींत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘करंट येत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘पेट्रोल येत नाही.’ तिसराही एक असतो, पण त्याला फक्त धक्का मारायची हौस असते. गंमत अशी की पहिल्या दोघांपैकी एक जण बहुतेक वेळा बरोबर ठरतो. कोण बरोबर हे कसं ओळखायचं, यावरच आज लिहायचं होतं. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. भाचीचं लग्न नाशिकला होतं. तिचा हट्ट एकच होता, कार्यालयाच्या दारात उतरायचं ते अण्णांच्या गाडीतून. अण्णा म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. त्यांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाईट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली. १०८९ सीसीचं इंजिन, हँडलला गिअर, पुढे सलग सीट. हीच गाडी पुढे थोड्याफार फरकाने प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्या देशाने पाहिली. अण्णा गेल्यावर ती अकरा वर्षं इमारतीच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. दोन वर्षं खपून मी तिला पुन्हा रस्त्यावर आणलं. रंग नवा, सीटा नव्या, बंपर तर असा चकाकत होता की त्यात बघून दाढी करावी.

ठाण्याहून सकाळी निघालो. गाडीत मी, मागे आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, नवरी आणि भाच्याची चार वर्षांची मुलगी. भाचा माझ्या शेजारी. संध्याकाळी सीमांतपूजन होतं, वेळ भरपूर होता. कसारा घाटात अर्ध्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. बाजूला घेतली, दहा मिनिटं थांबलो. सुरू झाली, अर्धा किलोमीटर गेली, पुन्हा बंद.

ऊन मी म्हणत होतं. भाचा इंजिनियर, त्यात नवरीचा भाऊ, म्हणजे घाई दुप्पट. त्याने बॉनेट उघडून एका प्लगची वायर काढली, ब्लॉकपासून थोडी लांब धरली आणि ओरडला, ‘मामा, मार स्टार्टर! करंट बघू.’ मी किल्लीला हात घातला. तेवढ्यात मागून आक्का म्हणाली, ‘अरे, मघापासून पेट्रोलचा वास येतोय. घरी रॉकेल सांडल्यावर यायचा तसा भपकारा आहे. तुम्हाला नाही येत?’

किल्ली फिरवली असती तर भाच्याच्या हातातल्या त्या वायरीतून ठिणगी उडाली असती. उडावी म्हणूनच तर ती तिथे धरली होती!

मी खाली उतरून पाहिलं. पेट्रोल पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी रबरी नळी घामेजल्यासारखी ओली होती. बोटाने दाबली तर शिळ्या जिलबीसारखी मऊ. क्लिपच्या कडेला बारीक चीर गेली होती आणि तिथून थेंब थेंब पेट्रोल तापलेल्या ब्लॉकवर पडून उडून जात होतं. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. पंप देत होता, पण त्यातलं बरंचसं वाटेतच गळत होतं, म्हणून गाडी उपाशी राहून बंद पडत होती. दहा मिनिटं थांबल्यावर चालायची आणि भांडं रिकामं झालं की पुन्हा थांबायची.

सगळ्यांना उतरवून रस्त्याच्या आतल्या बाजूला लांब उभं केलं. बॅटरीची वायर काढली. नवरी, आक्का आणि पोरीला मागून आलेल्या नातेवाइकांच्या गाडीत बसवून पुढे धाडलं. अण्णांची फियाट टोचन करून इगतपुरीला गेली. भाची कार्यालयाच्या दारात उतरली ती एका पांढऱ्या भाड्याच्या गाडीतून. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता कबुली. ती नळी मीच आणली होती. दुकानदाराने दोन दाखवल्या, एक स्वस्त, एक महाग. फरक होता जेमतेम दोनशे रुपयांचा. बंपरच्या क्रोमवर हजारोंनी पैसे ओतणाऱ्या मी तिथे मात्र काटकसर केली. नळी बॉनेटखाली असते, ती कोणाला दिसते?

मंडळी, हे आज मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या पंपावर मिळणारं पेट्रोल आता बदललं आहे. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, साठ-सत्तर सालच्या गाड्या नाहीत. इथेनॉल साध्या रबराला फुगवतं, मऊ करतं, मग चिरा पाडतं. नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधले वायसर, सगळ्यांचा यात नंबर लागतो. ते हवेतलं पाणीही शोषून घेतं, त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. तेव्हा जुनी गाडी असेल तर पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी बदला. नळीवर ‘एसएई ३० आर ९’ असा छाप पाहूनच घ्या, तिचं आतलं अस्तर इथेनॉलला दाद देत नाही. तार पिळून बांधू नका, स्क्रूची क्लिप लावा. आणि ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा एक किलोचा पावडरचा अग्निशामक गाडीत ठेवा. डिकीत सामानाखाली ठेवलेला कामाचा नाही.

आता मूळ प्रश्न. गाडी थांबली की पहिली पाळी नाकाची. पेट्रोलचा वास येत असेल तर किल्लीला हात लावायचा नाही, गळती सापडेपर्यंत करंटची कुठलीही तपासणी नाही. वास नसेल तर मग तपासा, पण लगेच, चहा पिऊन आल्यावर नव्हे. तापल्यावर येणारा दोष गाडी थंड झाली की लपून बसतो.

आधी पेट्रोल. कॉईलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे चुकूनही ठिणगी नको. कार्ब्युरेटरकडची नळी सोडून तिचं टोक बाटलीत धरा. बहुतेक एसी पंपांना हाताने मारायची छोटी दांडी असते, ती वरखाली करा. जोरदार पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. नुसते बुडबुडे आले तर टाकीकडून कुठेतरी हवा ओढली जातेय, किंवा उन्हात नळीत पेट्रोलची वाफ झालीय. वाफेवर जुन्या ड्रायव्हरांचा ओल्या फडक्याचा उपाय आजही चालतो. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून थोडा दम खाऊ द्या. काहीच आलं नाही तर इंजिन ऑईलची पट्टी काढून हुंगा. ऑईलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली असेल तर पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल खाली ऑईलमध्ये उतरतंय. अशी गाडी पुढे चालवायची नाही, पातळ झालेलं ऑईल बेअरिंग खातं.

पेट्रोल नीट आहे? मग नळी जागेवर लावा, सांडलेलं पुसून उडून जाऊ द्या आणि करंटकडे वळा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं की पॉईंट दिसतात. ते काळे पडले असतील, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. गरम झाल्यावर दगा देणं हा कंडेन्सरचा जुना स्वभाव. वस्तू स्वस्त, बदलायला एक स्क्रू. जास्तीचा एक डिकीत असावाच. पॉईंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित कमी फट फिलर गेजने लावा. अण्णा सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा वापरायचे आणि गाडी चालायचीही, पण गेज असताना पुठ्ठा कशाला?

हे सगळं पूर्वी टॅक्सीवाल्याच्या हातचं काम होतं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. तिच्याबरोबर कोपऱ्याकोपऱ्यावरची ती दुकानंही उठत चालली आहेत, जिथे एसी पंपाचं किट न बोलता समोर यायचं. म्हणून म्हणतो, एवढं स्वतःला यायला हवं.

इंदूरच्या एका वाचकाचं पत्र समोर आहे. त्यांची १९७२ सालची अँबॅसडर नव्याने रंगवून आली आणि तेव्हापासून दिवे मिणमिणतात. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचतो. बॅटरी बदलली, दिवे बदलले, फरक नाही. साहेब, दोष तुमच्या त्या सुंदर रंगात आहे! गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते, परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंडी अंग. रंगाऱ्याने सगळीकडे मन लावून रंग मारला, स्क्रूखालीसुद्धा. अर्थिंग तिथे तुटलं. एक लांब वायर घ्या, तिचं एक टोक बॅटरीच्या अर्थवाल्या टोकाला आणि दुसरं दिव्याच्या बाहेरच्या पत्र्याला लावा. दिवा झळकला की निदान पक्कं. मग स्क्रूखालचा रुपयाएवढा रंग खरवडून पत्रा उघडा करा, दातेरी वायसर घाला, घट्ट पिळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. इंजिनापासून चासीला जाणारी जाड पट्टीही पाहा. तिच्यामुळे स्टार्टरही मरगळतो. एक सावधगिरी: पूर्वीच्या बऱ्याच इंग्लिश गाड्यांत बॅटरीचं अधिक टोक अंगाला जोडलेलं असे. काहीही जोडण्याआधी आपल्या गाडीत कोणतं टोक अंगाला गेलंय ते डोळ्यांनी पाहून घ्या.

त्याच पत्रात त्यांनी विंटेज नोंदणीविषयी विचारलंय. जाणकारांच्या काटेकोर भाषेत १९३० पर्यंतची गाडीच विंटेज. आपला २०२१ चा नियम मात्र पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, फारसा मूळ बदल न केलेल्या गाडीला विंटेज मानतो. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशाच कामांसाठी बाहेर काढायची. तुम्ही लिहिता की रविवारी तिच्यातूनच भाजी आणायला जाता. मग घाई करू नका.

आमच्या फियाटच्या सगळ्या नळ्या बदलल्या. महागातल्या घेतल्या. लग्नानंतर भाची पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ठाणे स्टेशनवरून मी तिला गाडीतूनच आणली, सात किलोमीटर, सपाट रस्ता. ती पुढे बसली होती, अण्णांच्या शेजारी बसायची तशी, खिडकीवर कोपर टेकून. आक्काही बरोबर होती. हल्ली ती गाडीत बसण्याआधी बॉनेटपाशी जाते, वाकून वास घेते आणि मगच पदर सावरून मागे बसते.

ब्रेकविषयी तीन पत्रं आली आहेत. ते पुढच्या खेपेला.