हाताच्या मापाची बॅट

सदरा शिवायचा तर शिंप्याकडे माप द्यावे लागते, हे कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. खेळाच्या साधनाच्या बाबतीत मात्र आपली रीत निराळी: ते दुकानातून उचलून आणावे आणि हाताने त्याच्याशी जुळवून घ्यावे. गोल्फ खेळणारी मंडळी असे करीत नाहीत. खेळाडूची उंची, मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर आणि त्याचा फटका पाहून त्यांच्या काठीची लांबी, कल आणि दांड्याची लवचिकता ठरते. हा श्रीमंती थाट आपल्याकडे कुठला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या मानाने थोड्या खर्चात हाच प्रकार आपल्या सुरतेत टेबल टेनिसच्या टेबलापाशी पाहावयास मिळतो.

सुरत आणि टेबल टेनिस यांचे नाते आता सर्वज्ञात आहे. येथला हरमीत देसाई 2018 आणि 2022 या दोन्ही राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात होता. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्यासोबत सुरतेचाच मानव ठक्करही खेळला. साहजिकच, गल्लीतल्या प्रत्येक मुलाला 'हरमीतसारखी' बॅट हवी असते. आमच्या शेजारची दहा वर्षांची मुलगीही त्याला अपवाद नाही. "काका, वाढदिवसाला एकदाच भारी बॅट घेऊन टाकतो, मग पुढे पाहायला नको," असे तिचे वडील म्हणाले. मी कॉलेजात असताना थोडे खेळत असे, एवढ्या भांडवलावर मलाही सोबत नेण्यात आले.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो की चांगली बॅट अखंड मिळत नाही. लाकडाची फळी वेगळी घ्यावयाची. तिला खेळाडू ब्लेड म्हणतात. दोन बाजूंची रबरे वेगळी निवडावयाची, ती डकवावयाची आणि फळीच्या कडेबरहुकूम कापावयाची. मूठ सरळ हवी की खाली पसरत गेलेली, रबराखालचा स्पंज किती जाड, रबराचे दाणे आत की बाहेर, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्यागणिक बदलते. मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर वापरते. ते तिच्या खेळाला शोभते, म्हणून दुसऱ्याला शोभेलच असे नाही.

साधनाने खेळ कसा पालटतो याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच अंगणात घडला. 1952 साली जागतिक स्पर्धा मुंबईत भरली होती. तेव्हा सुरतही मुंबई राज्यातच होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन उतरला. चेंडू आपटल्याचा आवाजच येईना! कानाने फटक्याचा वेग ओळखण्याची सवय असलेले नामवंत प्रतिस्पर्धी गोंधळले आणि सातो जगज्जेता झाला. पुढे 1959 मध्ये नुसत्या स्पंजावर बंदी आली आणि जाडीला मर्यादा पडली. आज स्पंजासह रबर 4 मिलिमीटरहून जाड चालत नाही आणि फळीच्या जाडीत किमान 85 टक्के नैसर्गिक लाकूड असावे लागते. गंमत अशी की बॅटच्या आकाराला किंवा वजनाला मात्र नियमाचे बंधन नाही. तेथे ज्याचा त्याने विचार करावयाचा.

आमच्या मुलीच्या प्रशिक्षकांनी तो केला. त्यांनी तिला तीन बॅटी दिल्या आणि प्रत्येकीने वीस-वीस फटके मारावयास लावले. स्वतः ते चेंडूकडे पाहतच नव्हते. त्यांचे लक्ष तिच्या कोपराकडे होते. भारी बॅट हाती येताच कोपर खाली आले आणि फटका आखडला. चेंडू इतक्या झपाट्याने सुटू लागला, की तो टेबलावर राहावा म्हणून पोरगी नुसती ढकलू लागली. "भाई, ही सवय एकदा लागली की मोडायला दोन वर्षे जातात," ते वडिलांना म्हणाले.

अखेर साध्या पाच थरांच्या लाकडाची, हलकी, सरळ मुठीची फळी ठरली. रबरांचा स्पंज दीड मिलिमीटरच्या जवळपास. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात फळीची कड रुतत होती, तेवढीच त्यांनी काचकागदाने घासून गोल केली. खर्च ठरविलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी आला. वडिलांचा चेहरा मात्र किंचित उतरला. वाढदिवसाची भेट दिसावयास भारी असावी, ही बापाची हौस मला समजते.

मुलीने बॅट हातात फिरवून पाहिली. "आजोबा, ही टोचत नाही," एवढेच म्हणाली आणि टेबलाकडे पळाली. सहा महिन्यांनी पुन्हा घेऊन या, असे प्रशिक्षकांनी बजावले आहे. तोवर तिचा पंजा वाढलेला असेल.